तुझ्या मंदाकिनीची शिफारस

सुषमा,

ॲपवर तुझ्या गोष्टीखाली अजून बाया विचारत आहेत, पुढचा भाग कधी. आज सकाळी कॉलेजला निघण्याआधी पाहिलं तर सात नवीन निरोप होते. "ताई, बऱ्या आहात ना?" "मंदाकिनी घरी आली, आता पुढं काय?" एकीनं नुसतेच हात जोडलेत. त्यांना कुणी सांगितलेलं नाही. ते सांगायचं काम तुझ्या नवऱ्यानं माझ्यावर सोपवलं आहे, आणि मी हो म्हणून आले आहे.

सोळा दिवस झाले. मी रडले नाही. ग्रंथालयात जाते, नव्या पुस्तकांवर क्रमांक टाकते, ओळखपत्र विसरलेल्या पोरांना बोलते. परत येताना कुडव्याच्या चौकात स्कूटी थांबवून भाजी घेते. आई विचारते, जेवलीस का, तर मला क्षणभर आठवावं लागतं. सगळं होतंय, फक्त कशाची चव लागत नाही. परवा चहात साखर टाकायची राहिली. अख्खा कप पिऊन झाल्यावर आईनं सांगितलं.

एक तारीख जवळ आली आहे. फोनवरच्या आपल्या वाचकांच्या गटात महिन्याच्या एक तारखेला मी एक गोष्ट सुचवते, हे तुझ्याइतकं कुणाला माहीत असणार? या महिन्यात काय सुचवू, हाच विचार चालू आहे. म्हणजे तुझ्याबद्दलचा विचार नाहीच, तुझ्या गोष्टीबद्दलचा. तू असतीस तर म्हणाली असतीस, "दोन्ही एकच होय न जी." नाही, सुषमा. मला ते वेगळं ठेवावं लागतं. आपलं भांडणच त्यावरून झालं.

तू पहिल्यांदा ग्रंथालयात आलीस तो दिवस आठवतो. जिल्हा परिषदेत तुमचं प्रशिक्षण होतं, जेवणाच्या सुट्टीत तू तिथून चालत आलीस. हातात पाण्याची दोन लिटरची बाटली. मला वाटलं कुणाची पालक असेल.

"मॅडम, थे लिस्टवाल्या तुमीच न?"

मी दचकले. कॉलेजात कुणाला माहीत नव्हतं की ग्रंथपाल बाई मालिकांवरच्या फॅनफिक्शनच्या याद्या करते. टीव्हीवरची गोष्ट पसंत पडली नाही किंवा अर्धीच वाटली की प्रेक्षक स्वतःच पुढची लिहितात, शेकडो बाया ती फोनवर वाचतात, आणि त्यातलं चांगलं कोणतं ते मी निवडून सांगते, हे आमच्या प्राचार्यांना समजावायला मला दोन तास लागले असते.

"तुम्ही कोण?"

"मी सुषमा. केशोरीहून आलो. पंचायतीत कॉम्प्युटरवर बसतो, जन्माचे न मरनाचे दाखले काढतो. सर्वर डाऊन झाला का गोष्ट लिहून राहतो." आणि मग बाटलीकडे माझी नजर गेलेली पाहून म्हणालीस, "सिकल आहे मले. पानी जास्त प्यावं लागते."

दोन्ही गोष्टी तू एकाच आवाजात सांगितल्यास. पुढे तू आजाराबद्दल कधी फारसं बोललीच नाहीस. सिकलसेल म्हणजे रक्तात दोष आहे, लहानपणापासून आहे, कार्ड पर्समध्ये आहे, विषय संपला. थंडीत सांधे धरले की मला एवढंच कळवायचीस, "आज भाग नाही, हात नाही." मीही कधी जास्त विचारलं नाही.

ती मालिका आपण दोघींनी पाहिली होती, सगळ्यांनीच पाहिली होती. मोठं घर, तीन भाऊ, तीन सुना, सगळ्या जरीच्या साड्यांत स्वयंपाक करणाऱ्या. थोरली सून मंदाकिनी सुरुवातीचे कितीतरी दिवस नुसता चहा आणायची. नवरा तिच्यावर खेकसायचा, एकदा त्यानं सगळ्यांसमोर हातही उचलला. मग एके दिवशी सासू म्हणाली, "मंदाकिनी माहेरी गेली आहे," आणि ती बाई पुन्हा आलीच नाही. बहुतेक नटीनं मालिका सोडली असेल. दिवाळ्या झाल्या, लग्नं झाली, धाकटीला जुळी झाली, पण थोरलीचं नाव कुणी काढलं नाही.

तू माझ्या टेबलासमोर उभी राहून म्हणालीस, "थे बाई गेली कुठं? कोनी विचारलंच नाई. मले झोप नाही लागे."

तेच तू लिहिलंस. मंदाकिनी माहेरी म्हणजे कुठे आली, तर तुझ्या केशोरीसारख्या गावात. तिच्या जरीच्या साडीला धानाच्या बांधीतला चिखल लागला. टीव्हीवर पुण्याचं शुद्ध बोलणारी बाई तुझ्या दहाव्या भागापर्यंत "का" सोडून "काऊन" म्हणायला लागली, आणि ती आता खरी बोलते आहे असं मला वाटलं. भावानं तिला ओसरीवर जागा दिली, भावजयीनं दिली नाही. ती मिरची तोडायला जायला लागली. बोटं भाजतात म्हणून रात्री पिठाच्या पाण्यात हात बुडवून बसायची. मग ती गावातल्या बायकांचे कागद भरून द्यायला लागली, कारण ती बारावी शिकलेली होती आणि मालिकेत हे कुणाला आठवलंच नव्हतं. चाळिसाव्या भागात तहसीलदारासमोर ती स्वतःचं नाव सांगते आणि आडनाव कोणतं सांगायचं म्हणून थांबते. ते थांबणं तू अख्खा एक परिच्छेद लिहिलं आहेस. मी तो ग्रंथालयात वाचला, उभ्यानं.

मी तुला फोन केला आणि म्हटलं, "सुषमा, हे फार चांगलं आहे."

"खरं का?"

"खरं."

"मग लिस्टमध्ये टाकून राहिली का?"

"पूर्ण होऊ दे. अर्धी गोष्ट मी सुचवत नाही."

तू हसलीस. तुला माझे नियम माहीत होते, गोष्ट पूर्ण झालेली हवी आणि मला खरंच आवडलेली हवी, आणि त्यातला दुसरा मी एकदा मोडला होता हेही तुलाच माहीत होतं. आमच्या एका प्राध्यापकांच्या पत्नीनं लिहिलेली गोष्ट मी भिडेखातर यादीत टाकली होती. "संवेदनशील लेखन" असं काहीतरी खाली लिहिलं होतं. दहा मिनिटांत तुझा फोन आला होता. "ताई, हे तू खोटं लिहिलं. तुले आवडली नाही थे गोष्ट."

"कशावरून?"

"तुले आवडली का तू वाक्य सांगते. हे वाक्य, थे वाक्य. इथं एक बी वाक्य नाही. नुसतं संवेदनशील."

त्या दिवसापासून तू मला मॅडम म्हणणं सोडलंस आणि ताई म्हणायला लागलीस. मला तेव्हा कळलं नाही की बढती मिळाली की उतरवलं.

आता भांडणाचं सांगते. ते टाळून हे सगळं लिहिलं तर तू पुन्हा म्हणशील, नुसतं संवेदनशील.

तू प्रत्येक भाग ॲपवर टाकण्याआधी मला पाठवायचीस. एकोणसाठावा भाग आला. त्यात मंदाकिनी एसटीतून उतरते आणि सासरच्या दिशेनं चालायला लागते. हातात पिशवी, पिशवीत कोरडी मिरची. मी तिथंच थांबले. पुढचे तीन भाग तू सोबतच पाठवले होतेस, ते मी उघडले नाहीत. सरळ फोन केला.

"परत पाठवतेस तिला? त्या माणसाकडे?"

"पुढचे तीन वाच, मंग बोल."

"वाचायची गरज नाही. कळलं मला. चाळीस भाग तिला उभी केलीस, आणि आता पुन्हा चहाचा ट्रे."

"ताई, वाच तरी."

"सगळ्या बाया खाली लिहितात, घरी जाऊ दे, घरी जाऊ दे. म्हणून पाठवलीस. लाइकसाठी लिहायला लागलीस तू."

तू म्हणालीस, "तुले गोष्ट आवडली नाही, का मंदाकिनी परत गेली म्हनून राग आहे? कारन तू नाही गेली परत."

सहा वर्षांपूर्वी मी नवऱ्याचं घर सोडून आईकडे कुडव्याला आले. हे तुला मीच सांगितलं होतं, तू विचारलं नव्हतंस. त्या घरात काय झालं तेही थोडं सांगितलं होतं. त्या दुपारी मला वाटलं, तू ते माझ्याविरुद्ध वापरलंस. मी म्हटलं, "ठेवते," आणि ठेवला.

आता सोळा दिवस मी तेच वाक्य उलटून पाहते आहे. तू ते मला दुखवायला म्हणालीस की तुला खरंच जाणून घ्यायचं होतं? आपल्याकडचं बोलणं असंच असतं, सरळ तोंडावर. पुण्याच्या माणसाला ते थोबाडीत मारल्यासारखं वाटतं. मी तर गोंदियातच वाढले. मला कळायला हवं होतं.

आठवड्यानं तुझा एकच निरोप आला. "तिन्ही भाग टाकले. या महिन्यात सुचवशील का?"

मी तो वाचला. उत्तर दिलं नाही. मनात म्हटलं, दोन दिवसांनी देऊ, जरा राग उतरू दे.

दोन दिवसांनी तू गोंदियाच्या दवाखान्यात होतीस. माझ्या घरापासून स्कूटीनं दहा मिनिटं. आणि मला माहीत नव्हतं. ताप आला, छातीत दुखायला लागलं, सिकलचा झटका फुफ्फुसात गेला, असं तुझा नवरा विनोद नंतर म्हणाला. दोन दिवस तू तिथं होतीस. त्या दोन दिवसांत मी त्याच रस्त्यानं चार वेळा गेले असेन. एकदा तर समोरच्या दुकानातून आईच्या गोळ्या घेतल्या.

तुझी बातमी मला तुझ्या फोनवरून आली. तुझं नाव झळकलं तेव्हा मला बरं वाटलं होतं. म्हटलं, चला, हिनंच माघार घेतली. विनोद बोलत होते.

तेरवीला मी केशोरीला आले. बल्लारशाच्या गाडीनं अर्जुनीपर्यंत, पुढे काळीपिवळीत सहा जणींच्या मधे. तू कितीदा बोलावलं होतंस, मिरचीच्या दिवसांत ये म्हणून. मिरचीचेच दिवस होते. सडकेच्या दोन्ही बाजूंनी ती वाळत पडली होती आणि जीपमधल्या सगळ्या खोकत होत्या. मी पण खोकले. डोळ्यांतून पाणी आलं. शेजारच्या बाईनं पदर पुढे केला आणि मी तिला म्हटलं, मिरचीनं आलं. खरंच मिरचीनं आलं होतं.

जेवणं आटोपल्यावर मंडळी पांगली. विनोद माझ्यासमोर खुर्ची ओढून बसले. मोठा माणूस आहे ग तुझा नवरा, खांदे असे रुंद, आणि हातात तुझा तो लहान गुलाबी कव्हरचा फोन. म्हणाले, "ताई, हे लोकं विचारून राहिले, पुढचा भाग कधी. यांले काय सांगू?"

"मी सांगते. माझ्यावर सोडा."

"अजून एक विचारायचं होतं." त्यांनी फोन मांडीवर उलटा ठेवला. "गोष्ट चांगली आहे का?"

मी त्या उलट्या ठेवलेल्या फोनकडे पाहिलं.

"मी वाचली नाही. मले वाचनाचा नाद नाही. थे रोज लिहे, मी पाहो, पन विचारलं नाही कधी काय लिहून राहिली. आता सगळे सांगतात, चांगली होती, चांगली होती. मेल्यावर तर सगळेच म्हनतात. थे म्हने, ताई खरं सांगते. म्हनून तुमाले विचारतो."

सुषमा, माझ्यापुढे तेरा दिवसांचा विधुर बसला होता. बाहेर पत्रावळी उचलत होते. त्या जागी कुणीही म्हणेल, हो, फार सुंदर आहे. मी तोंड उघडलं आणि निघालं ते असं, "पहिले चाळीसेक भाग फार चांगले आहेत. असं आपल्याकडं कुणी लिहिलेलं मी वाचलं नाही. नंतरचं मला पटलं नाही. आणि शेवटचे तीन..."

"शेवटचे तीन काय?"

"ते मी वाचलेच नाहीत."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. समोरच्याला नीट ऐकू आलं का ते पाहावं, तसं. मग म्हणाले, "ताप आला तेव्हा मी म्हनलो होतो, ताईले फोन करू का, गोंदियातच आहे. तर म्हने, नको. बरी झालो का मीच जातो न चांगली भांडतो तिच्याशी."

हे ऐकून मला काही व्हायला हवं होतं. काही झालं नाही. मी म्हटलं, "बरं." आणि पाणी मागितलं.

तेवढ्यात आतून तुझ्या सासूबाईंचा आवाज आला. "कोन, ताई आली का? इकडे पाठव."

तुझ्या सासूबाईंना दिसत नाही, हे तू सांगितलं होतंस. त्या तुझ्याकडून प्रत्येक भाग ऐकायच्या, हे नव्हतं सांगितलंस. का नाही? इतकं सगळं बोलायचीस. त्या स्वयंपाकघरात पाट घेऊन बसल्या होत्या, समोर सुपात मिरची, आणि बोटांनीच चाचपून देठ तोडत होत्या.

"गेली का थे घरी?" त्यांनी विचारलं.

मला आधी कळेना. वाटलं, तुझ्याबद्दल विचारतात.

"मंदाकिनी वो. एसटीतून उतरली होती. त्याच्या पुढचं सुषमानं वाचलं नाही. तिले ताप आला."

विनोदनी फोन माझ्या हातात दिला. मी त्या पाटाजवळ बसले आणि साठावा भाग उघडला. तुझी गोष्ट मी कधी मोठ्यानं वाचली नव्हती. तुझे शब्द माझ्या तोंडात नीट बसेनात. मी "जवळ" म्हणायची, सासूबाई दुरुस्त करायच्या, "जवर. थे तसं वाचे."

मंदाकिनी घरात शिरते. कुणी घरी नाही, सगळे लग्नाला गेलेत, गडी दार उघडतो. आणि मग ती खोलीखोलीतून स्वतःच्या वस्तू शोधत फिरते. तिची वेणीफणीची पेटी. तिचा स्टीलचा डबा, त्यावर नाव घातलेला. देव्हाऱ्यातला तिनं माहेरून आणलेला बाळकृष्ण. एकही सापडत नाही. कुणी फेकल्या, कुणी वापरल्या, कुणाला ठाऊक. शेवटी कपड्यांच्या दोरीवर तिचा जुना परकर सापडतो, फाडून फडकी केलेला. ती ते फडकं काढते, घडी घालते आणि पिशवीत मिरचीखाली ठेवते.

मी थांबले. पुढची ओळ दिसत होती, पण वाचली जाईना.

सासूबाईंची बोटं पण थांबली होती. "बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "माही पेटी अशीच गेली होती." मग, "वाच न."

सुषमा, हे पान माझ्या फोनमध्ये होतं. ते न वाचता मी तुला म्हटलं की तू लाइकसाठी लिहितेस.

पण बाकीचंही सांगते. एकसष्टावा भाग मला आवडला नाही. नवरा येतो, तिला पाहतो आणि दारातच तिच्या पायांवर पडून रडायला लागतो, दोन पानं रडतो. कशामुळे बदलला ते तू कुठं लिहिलं नाहीस. बासष्टाव्यात सगळे एका ताटात जेवतात आणि सासू तिला स्वतःच्या बांगड्या घालते. मी वाचत होते आणि मला ती मालिकाच पुन्हा ऐकू येत होती, मागच्या संगीतासकट.

मी फोन खाली ठेवला. सासूबाई हसत होत्या, दात नसलेलं हसू. "मरद मानूस असा पायावर पडून रडते का कुठं? मी तं नाही पाहिला."

"मग तुम्हाला नाही आवडलं?"

"आवडलं न. आयकाले चांगलं वाटलं." त्यांनी सूप पाखडलं. "मीच म्हनलो होतो तिले, घाल बापा तिले घरी, किती दिवस दुसऱ्याच्या ओसरीवर ठेवतं. तर सुषमा म्हने, आई, ताई मारते आता मले."

लाइकसाठी, मी म्हटलं होतं. कुणाच्या लाइकसाठी, तर चुलीपुढं बसून ऐकणाऱ्या एका म्हातारीच्या. तू मला तेवढं सांगितलं असतंस तर? तरी मी म्हटलं असतं की एकसष्टावा भाग वाईट आहे. पण ते म्हणण्याची पद्धत वेगळी असती. माझी पद्धतच चुकली. माझं मत चुकलं नाही. हे दोन्ही मला एकदमच मान्य करायचं आहे आणि ऐकायला तू नाहीस.

निघताना सासूबाईंनी पाव किलोची मिरचीची पुडी दिली. विनोद अर्जुनीपर्यंत गाडीवर सोडायला आले. स्टेशनवर ते म्हणाले, "तुमाले जे वाटलं थेच लिहा. अर्धी चांगली तं अर्धी चांगली."

इथपर्यंत तुला लिहून झालं, मग आज दुपारी मी ते लिहिलं. एक तारखेची वाट पाहिली नाही. सगळ्यांना सांगायचं होतं आणि ते यादीपासून वेगळं कसं सांगायचं, ते मला जमेना. तुला वाचून दाखवते.

"मंदाकिनीची गोष्ट लिहिणारी सुषमा आता नाही. सोळा दिवसांपूर्वी ती आजारानं गेली. पुढचा भाग येणार नाही. ती माझी मैत्रीण होती, त्यामुळे ही शिफारस तपासून घ्या. पहिले चाळीस भाग जरूर वाचा. चाळिसाव्यात ती आपलं आडनाव सांगताना थांबते, तिथं तुम्हीही थांबा. साठावा भाग मी वाचलेल्या सगळ्या गोष्टींत वरचा आहे, एका घरात आपली एकही वस्तू न सापडण्याबद्दल. एकसष्ट आणि बासष्ट मला पटले नाहीत. ज्या माणसानं हात उचलला तो दोन पानं रडला म्हणून बदलला, हे मी मानत नाही, आणि ते न मानण्याला माझी स्वतःची कारणं आहेत, हे सुषमानं मला तोंडावर सांगितलं होतं. केशोरीच्या एका आजींना मात्र ते ऐकायला चांगलं वाटलं. तुम्ही वाचा आणि ठरवा. मी तिला उत्तर द्यायला उशीर केला. ते उत्तर हो असं आहे. मी ही गोष्ट सुचवते."

"संवेदनशील" हा शब्द कुठं नाही. पाहून घे.

पाठवलं आणि मी पुस्तकांच्या नोंदीला लागले. तासाभरानं फोन पाहिला तर निरोपांचा ढीग. पुष्कळ रडणारी चित्रं होती. ती मी भराभर वर सरकवली, कारण मला अजून त्यांच्यासारखं करता येत नाही. मधेच एक लांब निरोप होता. तिरोड्याची कुणी अर्चना, वीज केंद्राच्या वसाहतीजवळ राहते म्हणे. आजवर गटात एक शब्द बोललेली नाही. तिनं लिहिलं होतं:

"मॅडम, तुम्ही म्हणता तो माणूस बदलणार नाही, ते बरोबर आहे. पण बाई परत जाते हे खोटं नाही. मी गेली होती. मेरा भी ऐसेच हुआ. तो रडला होता, पायावर नाही, पण रडला होता. तीन महिने चांगलं चाललं. मग मी पुन्हा निघाली. मंदाकिनीचे ते तीन महिने कोणी लिहिलेच नाही. सुषमाताईंनी लिहिले असते का, माहीत नाही. त्यांची परवानगी कोणाला विचारायची? मी लिहू का?"

मी विनोदना फोन लावला. त्यांना समजावून सांगितलं की तुझ्या गोष्टीच्या पुढची गोष्ट दुसरी कुणी लिहायचं म्हणते आहे. ते म्हणाले, "पन सुषमानं बी तं टीव्हीवाल्यांले विचारलं नव्हतं."

मी हसले. खूप दिवसांनी. आवाज एवढा मोठा निघाला की वाचन कक्षातली दोन पोरं वळून पाहायला लागली, आणि मी त्यांच्याकडे पाहून डोळे पुसले, मग परत पुसले, आणि ते थांबेना. उठून आतल्या कपाटांमागे गेले. किती वेळ होते कोण जाणे. बाहेर आले तेव्हा कक्ष रिकामा होता आणि माझ्या टेबलावर त्या दोघांपैकी कुणीतरी पाण्याचा ग्लास ठेवून गेलं होतं.

संध्याकाळी अर्चनाचा पहिला भाग आला. लहानसाच आहे. मंदाकिनी सकाळी उठते, सगळ्यांआधी, आणि सवयीनं चहा ठेवते, मग गॅस बंद करून नुसती उभी राहते. तेवढं चांगलं आहे. पुढं मात्र अर्चनाला एकाच भागात सगळं सांगून टाकायची घाई झाली आहे. मारहाणही आली, पश्चात्तापही आला, पाऊसही आला. मला फारसा पटला नाही.

शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. मग तिला फोन लावला आणि विचारलं, "अर्चना, वेळ आहे का? गॅस बंद करते त्या वाक्यापासून बोलू."